ब्राउझरचे नाव विचारून दार लावू नका : सरकारी संकेतस्थळे चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या सरकारी व निमसरकारी कार्यालयांची संकेतस्थळे सांभाळणारे अधिकारी,
आणि ती बनवून देणाऱ्या कंपन्यांतले प्रोग्रामर

विषय : 'आपला ब्राउझर समर्थित नाही' ही पाटी काढण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

लालबागच्या एका वाचनालयात आम्ही काही निवृत्त माणसे संध्याकाळी संगणक कक्ष चालवतो. कक्ष म्हणजे वर्तमानपत्रांच्या टेबलामागची एक खोली, कार्यालयांनी मोडीत काढून आम्हाला दिलेले संगणक आणि एक प्रिंटर. दहावीचा निकाल लागला की या खोलीत बसायला जागा उरत नाही. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयर, शिष्यवृत्ती, अकरावीचा प्रवेश, सगळे ऑनलाइन. मोबाइल आता घरोघरी आहे, पण लांबलचक फॉर्म मोबाइलवर भरताना मध्येच कोणाचा तरी फोन येतो, सेशन संपते आणि पुन्हा श्रीगणेशा. म्हणून मुले आणि त्यांच्या आया आमच्याकडे येतात.

आमच्या बऱ्याच संगणकांवर पेल मून नावाचा ब्राउझर आहे. तुमच्यापैकी काहींच्या साइटवर गेले की तो ब्राउझर पाहताच पाटी झळकते : आपला ब्राउझर समर्थित नाही, कृपया क्रोमची अद्ययावत आवृत्ती वापरा. त्याखाली पुढे जाण्याचे बटण नसते आणि कारणही दिलेले नसते. कोणत्या कार्यालयाची साइट, हे मी मुद्दाम लिहीत नाही. एकाचे नाव घेतले की बाकीचे निर्धास्त होतात, असा नोकरीतला अनुभव आहे.

आमच्याकडे मदतीला येणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने एक साधा प्रयोग केला. पेल मूनमध्ये एखाद्या ठरावीक साइटपुरती ब्राउझरची ओळख बदलता येते. त्याने त्या साइटपुरते 'मी क्रोम आहे' असे सांगायला लावले आणि पान पुन्हा उघडले. लॉगिन झाले, ओटीपी आला, फॉर्म भरला, कागदपत्रे चढली, पावती छापून निघाली. (फोटो २० ते ५० केबीमध्येच बसवताना नेहमीचा घाम निघाला, पण तो क्रोममध्येही निघतो.) म्हणजे साइट त्या ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालत होती. अडवले होते ते निव्वळ नावावरून. सोसायटीच्या वॉचमनने कोणाकडे जायचे ते न विचारता पाहुण्याच्या चपलेची कंपनी बघून गेट उघडावे, तशातला हा प्रकार आहे.

पेल मून म्हणजे गल्लीतले चोरटे सॉफ्टवेअर असावे असा समज तुमच्या पाटीमुळे होतो, म्हणून त्याची कुळकथा थोडक्यात सांगतो. नेटस्केप कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, जगासाठी खुला केला. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. कोड खुला असला की कोणीही तो घेऊन आपली स्वतंत्र वाट धरू शकतो. प्रोग्रामर मंडळी याला फोर्क करणे म्हणतात, आणि परवान्याच्या अटी पाळल्या तर त्यात बेकायदा काहीच नाही. २००९ मध्ये एम. सी. स्ट्रेव्हर यांनी फायरफॉक्सचा कोड तेव्हाच्या नव्या प्रोसेसरांना जुळेल असा कंपाइल करून पेल मून या नावाने द्यायला सुरुवात केली. तेव्हा तो फायरफॉक्सच होता, फक्त अंगाने जरा हलका.

फारकत नंतर झाली, आणि ती फायरफॉक्सने वाट बदलली म्हणून झाली. एप्रिल २०१४ मध्ये फायरफॉक्स २९ ने चेहरामोहरा पालटला. टॅबना गोलाई आली, मेनू तीन आडव्या रेघांमागे गेला. पेल मूनने जुनी मांडणी सोडली नाही. जानेवारी २०१६ मध्ये त्याने पानांची मांडणी करणारे इंजिनही वेगळे काढले. फायरफॉक्सचे गेको, याचे गोआना. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आले आणि झूल या जुन्या तंत्रावर चालणारी हजारो ॲड-ऑन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या सोयी, एका फटक्यात निकामी झाली. पेल मूनने ते तंत्र जिवंत ठेवले. २०१८ च्या २८ व्या आवृत्तीपासून तो फायरफॉक्स ५२ च्या कोडवर आधारलेल्या आपल्या स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याचा कोड मोझिला पब्लिक लायसन्सखाली आहे. या परवान्यातल्या फाइलींमध्ये बदल करून कोणी सॉफ्टवेअर वाटले, तर त्या बदललेल्या फाइली त्याला उघड कराव्याच लागतात. तुमच्या विभागातल्या कोणालाही तो कोड उतरवून वाचता येईल.

आम्ही तो वापरतो त्यामागे काही तत्त्वज्ञान नाही. आमच्या संगणकांत २ जीबी मेमरी आहे आणि बऱ्याचशांवर विंडोज ७. क्रोमने विंडोज ७ ला जानेवारी २०२३ च्या १०९ व्या आवृत्तीनंतर निरोप दिला. फायरफॉक्सची ११५ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, तिची मुदत मोझिलाने नंतर पुन्हा पुन्हा वाढवली, पण पुढची आवृत्ती नाही. पेल मून मात्र विंडोज ७ वर चालतो आणि त्याच्या नव्या आवृत्त्याही येत राहतात. शिवाय त्यातली बटणे जागच्या जागी राहतात. आमच्याकडे येणाऱ्या, गिरणीत आयुष्य काढलेल्या आजोबांनी एकदा 'मागे' जाण्याचे बटण कुठे आहे ते शिकून घेतले आहे. ते दरवर्षी हलवू नये, एवढीच त्यांची अपेक्षा.

लिनक्स का टाकत नाही, असे तुमचे प्रोग्रामर विचारतील. काही संगणकांवर टाकले आहे. पण स्कॅनरचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचे टोकन आणि लॅमिंग्टन रोडवरचा दुरुस्तीवाला, हे तिघे विंडोजचेच.

आता गंमत पाहा. क्रोम १०९ ला विंडोज ७ वर सुरक्षेची दुरुस्ती मिळणे केव्हाच थांबले आहे. तरीही नाव 'क्रोम' म्हणून तुमच्यातल्या काही साइट तिला खुशाल आत घेतात. त्याच संगणकावर नुकताच अपडेट झालेला पेल मून मात्र दारातच अडतो. ही पाटी सुरक्षेसाठी आहे असे मला कोणी सांगितले तर मी हे उदाहरण पुढे ठेवतो, आणि मग समोरचा विषय बदलतो.

मुळात ब्राउझर जे नाव सांगतो त्यावर विश्वास कोणी आणि का ठेवावा? प्रत्येक ब्राउझर सर्व्हरकडे पान मागताना एक ओळ पाठवतो, तिला यूजर एजंट म्हणतात. या ओळीचा इतिहास म्हणजे शुद्ध बनावटगिरी आहे. नव्वदच्या दशकात नेटस्केप स्वतःला मोझिला म्हणवत असे आणि पुष्कळ साइट चांगले पान फक्त मोझिलालाच देत. मग इंटरनेट एक्सप्लोररनेही आपण मोझिला असल्याचे सांगायला सुरुवात केली. पुढे केडीई या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या लोकांनी केएचटीएमएल इंजिन बनवले आणि ते 'गेकोसारखे' आहे असे ओळीत लिहिले. ॲपलने केएचटीएमएल फोर्क करून वेबकिट बनवले, सफारीने तीच ओळ पुढे नेली. २००८ मध्ये क्रोम आला तो वेबकिटवर, आणि अडवला जाऊ नये म्हणून त्याच्या ओळीत मोझिला, वेबकिट, केएचटीएमएल, गेको, सफारी अशी साऱ्या पूर्वजांची नावे घालून आला. २०१३ मध्ये गूगलने वेबकिटचाही फोर्क केला, त्याचे नाव ब्लिंक. आज तुम्ही ज्याला एकमेव खरा ब्राउझर मानता, तो स्वतः फोर्कचा फोर्क आहे आणि अजूनही आपल्या ओळीची सुरुवात 'मोझिला ५.०' अशी करतो.

त्यावेळच्या साइटचालकांनी तुमच्यासारखेच 'समर्थित नाही' म्हणून क्रोमला परत पाठवले असते तर?

ही ओळ आता स्वतः गूगललाही नको झाली आहे. २०२२ पासून क्रोमने तिच्यातला तपशील टप्प्याटप्प्याने कापला. किरकोळ आवृत्तीच्या जागी शून्ये आली, विंडोज ११ असले तरी ओळीत १०.० च दिसते. व्हिवाल्डी ब्राउझरने तर डिसेंबर २०१९ मध्ये बहुतेक साइटना आपले नाव सांगणेच सोडले, कारण नाव सांगितले की साइट अडवत आणि क्रोम म्हटले की तीच साइट चालत असे. ब्रेव्ह हा ब्राउझरही क्रोमचीच ओळ पाठवतो. म्हणजे तुमच्या पाटीतून खोटे बोलणारे सगळे पार होतात. अडकतात ते खरे नाव सांगणारे.

हा त्रास फक्त सरकारी साइटवर होतो असे नाही. २०२५ च्या सुरुवातीला क्लाउडफ्लेअरच्या 'तुम्ही माणूस आहात का' या तपासणीत पेल मूनसह काही छोट्या ब्राउझरांचे वापरकर्ते अडकून पडले होते. जगातल्या असंख्य साइट त्या एका कंपनीच्या दारातून उघडतात, त्यामुळे एका ठिकाणी चाळणी बारीक झाली की सगळीकडे प्रवेश बंद. पण खासगी साइट बंद झाली तर माणूस दुसरीकडे जाईल. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याने दुसरीकडे कुठे जायचे?

पेल मून निर्दोष आहे असा माझा दावा नाही. तो सांभाळणारी मंडळी मूठभर आहेत. फायरफॉक्समध्ये सापडलेल्या सुरक्षेच्या भेगा आपल्या कोडमध्ये आहेत का ते पाहून त्यांना हाताने बुजवाव्या लागतात. क्रोम आणि आजचा फायरफॉक्स प्रत्येक साइटला वेगळ्या प्रक्रियेत कोंडतात, पेल मून अजून एकाच प्रक्रियेत सगळे चालवतो. २०१९ मध्ये त्यांच्या जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या सर्व्हरवर कोणीतरी घुसून तिथल्या फाइलींत मालवेअर घातल्याचे उघड झाले. चालू आवृत्ती त्यातून वाचली आणि त्यांनी ते जाहीरही केले, पण घडले ते घडले. नावाच्या आणि बोधचिन्हाच्या हक्कांवरून त्यांची इतर खुल्या प्रकल्पांशी भांडणेही झाली आहेत. आमच्या कक्षात बँकेचे व्यवहार करू नयेत असा फलक आम्हीच लावला आहे, तो ब्राउझरसाठी आणि पाठीमागून डोकावणाऱ्यांसाठीही.

पण वापरणाऱ्याने काय जोखीम घ्यावी हा एक प्रश्न, आणि सर्व्हर सुरक्षित आहे का हा दुसरा. तुमचा सर्व्हर सुरक्षित ठेवायचा तर ओटीपीची तपासणी, अपलोड झालेल्या फाइलीची छाननी, कोणाला कोणाचा अर्ज दिसावा याचे नियम, हे सगळे सर्व्हरवरच व्हायला हवे. ज्याला त्रास द्यायचा आहे तो यूजर एजंटची ओळ दहा सेकंदांत बदलतो. आमच्या मुलाने बदललीच. जोखीम वाटत असेल तर पिवळ्या पट्टीत इशारा द्या आणि खाली 'तरीही पुढे जा' असे बटण ठेवा.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, सरकारी साइटच्या तळाशी पूर्वी 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल, रिझोल्यूशन १०२४ गुणिले ७६८' असे लिहिलेले असे. टेंडर भरायचे तर डिजिटल सहीसाठी जावा ॲपलेट लागे आणि ते ठरावीक आवृत्तीवरच चाले. मग २०१५ मध्ये क्रोमने आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने ते ॲपलेट चालवणाऱ्या प्लगिनचा आधारच काढून घेतला, आणि ठेकेदारांच्या ऑफिसांत एकेक जुना संगणक 'सहीचा संगणक' म्हणून जपून ठेवला गेला. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. दक्षिण कोरियाने हाच अनुभव मोठ्या किमतीला विकत घेतला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ऑनलाइन व्यवहारांसाठी स्वतःची सीड नावाची सांकेतिकरण पद्धत आणली. ती ब्राउझरमध्ये चालवायला ॲक्टिव्हएक्स हे मायक्रोसॉफ्टचे तंत्र लागे, आणि ॲक्टिव्हएक्ससाठी इंटरनेट एक्सप्लोरर. अख्खा देश वर्षानुवर्षे एका कंपनीच्या एका ब्राउझरला बांधला गेला. त्या प्रमाणपत्रांचा कायद्यातला खास दर्जा शेवटी डिसेंबर २०२० मध्ये काढला गेला. आपण एक्सप्लोररचे नाव खोडले आणि तिथे क्रोम लिहिले, एवढाच काय तो बदल.

केंद्र सरकारचे धोरण तुमच्या बाजूने नाही, हेही नम्रपणे सांगतो. ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० चे आहे, खुल्या सॉफ्टवेअरचा स्वीकार करण्याचे धोरण २०१५ चे. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि साइट वेगवेगळ्या ब्राउझरांत तपासावी हे त्यांत सांगितलेले आहे. २०२३ मध्ये केंद्राने देशी ब्राउझर बनवण्याची स्पर्धाही जाहीर केली, बक्षिसे एकूण ३.४१ कोटींची. २०२५ मध्ये पहिले, एक कोटीचे बक्षीस झोहो कंपनीच्या उला या ब्राउझरला मिळाले. उलाही क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर बेतला आहे त्या खुल्या कोडवर उभा आहे. त्यात गैर काही नाही, कोड खुला असतो तो त्यासाठीच. पण एका हाताने फोर्कला कोटीचे बक्षीस आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्या फोर्कला 'समर्थित नाही', हे जुळत नाही.

प्रोग्रामर मित्रांनो, तुमची बाजूही मला कळते. टेंडरमध्ये 'क्रोमवर चालावे' असे लिहिलेले असते, तपासणीला एक मुलगा आणि दोन दिवस असतात, आणि तक्रार आली की साहेब तुम्हालाच बोलावतात. पाटी लावणे सोपे असते. पण खरी अडचण बहुतेक वेळा फार लहान असते. जावास्क्रिप्टच्या नव्या व्याकरणातले एखादे चिन्ह जुन्या इंजिनाला कळले नाही तर ते इंजिन ती अख्खी फाइलच टाकून देते, आणि 'सादर करा' हे बटण दिसते पण दाबले जात नाही. यावर उपाय तुमच्या बिल्डच्या सेटिंगमध्ये आहे. लक्ष्य म्हणून थोडी जुनी आवृत्ती लिहिली की तेच साधन नवे व्याकरण जुन्यात उतरवून देते. एखादी सोय ब्राउझरमध्ये आहे का हे पाहायचे असेल तर ती सोयच तपासा. आहे तर वापरा, नाही तर साधा मार्ग द्या. तारीख निवडायचे कॅलेंडर उघडत नसेल तर तारीख टाइप करू द्या. नाव, पत्ता आणि उत्पन्न घेणारा फॉर्म साध्या एचटीएमएलमध्ये पंचवीस वर्षांपूर्वीही चालत होता.

अधिकाऱ्यांकडे मागणी एवढीच की पुढच्या टेंडरमध्ये ब्राउझरचे नाव लिहू नका, मानक लिहा. आणि तोवर सध्याच्या साइटवरची ती तपासणी बंद करा. बहुतेक ठिकाणी ती चार-पाच ओळींची असते. साइट पूर्ण सुधारायला वेळ लागेल हे समजू शकतो, पण या ओळी काढायला निधी लागत नाही आणि समितीही लागत नाही. एखाद्या ब्राउझरमध्ये खरेच काही मोडत असेल तर तिथे नेमके काय चालणार नाही ते मराठीत लिहा, म्हणजे अर्जदाराला निदान कळेल की फोटो दुसरीकडून चढवायचा आहे आणि बाकीचा फॉर्म इथेच भरता येईल.

तपासणीसाठी जुने संगणक कुठून आणायचे, हा प्रश्न येऊ देऊ नका. आमच्याकडे आहेत. २ जीबीचे आहेत, विंडोज ७ चे आहेत, लिनक्सचेही आहेत, आणि त्यांवर बसून चुका शोधून देणारी मुलेही आहेत. चाचणीचा दुवा पाठवा, रविवारी सकाळी कक्ष तुमच्यासाठी उघडा ठेवू. चहा आमचा. जे अडेल ते पडद्याच्या चित्रासह लिहून देऊ, त्याचे पैसे नकोत. अकरावीच्या प्रवेशाचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी हे झाले तर रांगेतल्या मुलांचा वेळ वाचेल.

कळावे,
लोभ असावा ही विनंती.

संगणक कक्षाच्या स्वयंसेवकांच्या वतीने,
लालबाग, मुंबई